मालकांचं नाव

आमच्या रस्त्यावर तिला सगळे पॅटी म्हणत. तिचं नाव पातिमात. चार अक्षरं म्हणायला इंग्रजी जिभेला काय होतं ते मला कळत नाही. ह्याच जिभा स्वतःच्या गावांची नावं निम्मी अक्षरं गिळून बरोब्बर म्हणतात. तिनं मात्र कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. "माझं नाव ना? मोडलं तरी माझंच," म्हणायची. जपायची नावं वेगळी होती. त्या नावांपायी तिच्या वाट्याला जे आलं ते आठवलं की मला आजही शिसारी येते. परिस्थितीची, व्यवस्थेची वगैरे नाही. माणसांची येते.

साउथहॅम्प्टनला आमच्या घरासमोर एक ओल आलेलं लांबट घर आहे. आश्रय मागायला आलेल्या लोकांना सरकार एका कंपनीमार्फत तिथे ठेवतं. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो, भिंतीवरच्या काळ्या बुरशीचा फोटो काढतो आणि जातो. त्या घरातल्या मागच्या खोलीत ती तीन वर्षं राहिली. साठीची, उंच, पाठ सरळ, डोक्याला मागे गाठ मारलेला रुमाल. मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते आणि शनिवारी सकाळी लायब्ररीतल्या मोफत इंग्रजी वर्गात शिकवते. ती तिथेच पहिल्यांदा भेटली, आणि भेटली ती वर्गातून हाकलली जाताना.

झालं असं, की ती इंगुश. रशियाच्या दक्षिणेला, कॉकेशसच्या डोंगरात त्यांचा चिमुकला मुलूख आहे. फॉर्मवर 'मातृभाषा' ह्या रकान्यात तिनं नीट 'इंगुश' लिहिलं. वर्गाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी ते कॉम्प्युटरवर भरलं आणि कॉम्प्युटरनं शहाणपणा करून त्याचं 'इंग्लिश' केलं. बाईंनी ते वाचलंच नाही. पुढच्या शनिवारी त्या हसतमुखानं तिला म्हणाल्या, "सॉरी पॅटी, तुझी मातृभाषा इंग्लिश आहे, तुला हा वर्ग मिळत नाही." हे सगळं इंग्रजीत, आणि समोरच्या बाईला त्यातला 'सॉरी' तेवढा कळलेला. मी मध्ये पडले. बाई म्हणाल्या, "सिस्टिममध्ये तसं आहे ना." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे आंधळ्याला दळल्याचा अभिमानही होता. शेवटी मी तिला माझ्या बाजूला खुर्ची दिली आणि ए, बी, सी, डी पासून सुरुवात केली.

अक्षरं ती फार मन लावून शिकली. प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायची, हवेत बोटानं काढायची. पण मध्येच उठून उभी राहायची. आधी वाटलं, गुडघे दुखत असतील. मग लक्षात आलं, दारातून कुणी वयस्कर माणूस आत आला की ती उठते आणि तो बसेपर्यंत बसत नाही. लायब्ररीत उबेला येऊन बसणारा एक म्हातारा होता, कपड्यांना वास मारायचा, लोक खुर्च्या सरकवायचे. त्याच्यासाठीही ती उठायची. पहिल्यांदा त्यानं मागे वळून बघितलं, की आपल्यामागे कोण मोठं माणूस आलंय. नंतर नंतर तो येताना केस विंचरून यायला लागला.

मी तिला ताई म्हणायला लागले. "ताई म्हणजे?" तिनं विचारलं. मोठी बहीण, म्हटलं. ती खूश झाली. "चांगलं आहे. नाव घ्यावं लागत नाही." तेव्हा मला ते नुसतं गोड वाटलं होतं.

आमचं बोलणं तुटक्या इंग्रजीतच चालायचं. मी ते माझ्या मराठीत लिहितेय, पण तिची काटकसर तशीच ठेवतेय. आपल्या मुलखाबद्दल ती फार कमी सांगायची, आणि रडत तर कधीच नाही. चव्वेचाळीस साली तिकडच्या सरकारनं तिच्या आईला, लहान मुलगी असताना, अख्ख्या जमातीसकट गुरांच्या डब्यातून कझाकस्तानात नेऊन टाकलं. तेरा वर्षांनी परत आले तर घरात दुसरे लोक. तिच्या वडिलांनी स्वतःचंच घर त्या लोकांकडून विकत घेतलं. पुढे ब्याण्णवच्या शरदात, म्हणजे ती लग्न होऊन त्याच गावात नांदत होती तेव्हा, इंगुश आणि ओसेटियन शेजाऱ्यांत बंदुका चालल्या, रणगाडे आले, आणि सहा दिवसांत ते घर पुन्हा गेलं. ही माणसं डोंगरातून चालत पलीकडे गेली.

"वॉर," मी मान हलवत म्हटलं.

"वॉर नाही," ती म्हणाली. "कागदावर 'घटना' आहे. 'त्या घटना'. वॉर असतं तर कुणीतरी केलं असतं. घटना आपोआप होते. पावसासारखी." आणि मग तिनं तोंड वाकडं केलं, दुधात माशी पडलेली दिसावी तसं. किळस म्हणजे काय ते मी त्या चेहऱ्यावर शिकले. शेजाऱ्यांबद्दल मात्र तिच्या तोंडून वाकडा शब्द आला नाही. पलीकडच्या ओसेटियन बाईनं तिची गाय महिनाभर सांभाळली होती, हे तिनं मला किमान दहा वेळा सांगितलं असेल.

आणि मग ते पत्र आलं. आश्रयाचा अर्ज नामंजूर. मुलाखत झाली होती वर्षभरापूर्वी. मी तेव्हा तिला ओळखत नव्हते. शनिवारी वर्ग संपल्यावर तिनं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. "वाच. काय चूक केली मी?"

मी वाचायला लागले. पत्रात लिहिलं होतं: तुमच्या घरमालकाला सशस्त्र लोकांनी नेलं असं तुम्ही सांगता. घरमालकाच्या अडचणीमुळे तुम्हाला धोका कसा, ते स्पष्ट होत नाही. पतीचं नाव विचारलं असता तुम्ही ते सांगू शकला नाहीत. वीस वर्षांहून अधिक संसार केलेल्या पत्नीला पतीचं नाव ठाऊक नसावं, हे विश्वासार्ह नाही. दिराचं नाव तुम्ही 'मिस्टर गोल्ड' असं दिलंत. तुमच्या प्रदेशात हे नाव आढळत नाही. मुलाखतीत तुम्ही वारंवार उठून उभ्या राहत होता, त्यावरून तुम्ही अस्वस्थ असल्याचं दिसलं.

"ताई, हा घरमालक कोण?"

ती गोंधळली. "घरमालक नाही. आमचं स्वतःचं घर. त्यांनी आमच्या…" आणि ती थांबली. रशियन दुभाष्यासमोर वापरलेला शब्द तिनं पुन्हा म्हटला. घरधनी, यजमान, घराचा मालक, ज्याच्या खोलीत भाड्यानं राहतो तो मालक, ह्या सगळ्यांना रशियनमध्ये तो एकच शब्द आहे. फोनवरून काम करणाऱ्या त्या दुभाष्यानं त्यातला 'लँडलॉर्ड' उचलला आणि मोकळा झाला.

मला हसू फुटलं. खरं सांगते, मी हसले. कारण माझी आई, कराडची, जन्मभर वडिलांना 'आमचे मालक' म्हणाली. मालक जेवले. मालक फलटणला गेलेत. लहानपणी माझ्या एका इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणीनं खरंच विचारलं होतं, तुम्ही भाड्यानं राहता का म्हणून. आणि मग हसता हसता मला सगळं लख्ख दिसलं. ही बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, दिराचं नाही. सून घरात आली की दिरांना स्वतः नवं नाव द्यायचं, अशी त्यांच्यात रीत. धाकट्या दिराला ही 'सोन्या' म्हणायची. झाला मिस्टर गोल्ड!

"त्यांना सांगितलंस का, की नाव घेत नाहीत म्हणून?"

"म्हटलं, लिहून देते. तो म्हणाला, रेकॉर्डिंग चालू आहे, तोंडानं बोला." मुलाखत घेणारा पंचविशीचा मुलगा होता. दुभाषा फोनवर असला तरी वयस्कर आवाजाचा, म्हणून तो बोलला की ती उठायची. फोनसाठी! आणि हे सगळं त्या मुलानं 'अस्वस्थ' ह्या एका शब्दात गुंडाळलं. आपण काय बघतोय हे विचारायची त्याला गरजही वाटली नाही. घरी येऊन मी ते पत्र सुहासला, माझ्या नवऱ्याला, वाचून दाखवलं. मी त्याला सुहास म्हणते, वर अरे-तुरे करते. त्या दिवशी त्याला हाक मारताना उगाचच जीभ अडखळली.

त्यानंतर तिनं मला मालकांची गोष्ट सांगितली. ते शाळेत भूगोल शिकवायचे. दीर 'जंगलात गेला', म्हणजे बंदूकवाल्यांना मिळाला, असा सरकारला संशय. एके दुपारी नंबरप्लेट नसलेल्या दोन गाड्या आल्या, तोंडं झाकलेली माणसं उतरली. सोन्या सापडला नाही, म्हणून मालकांना नेलं. ती फोटो घेऊन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत राहिली. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. पुढे पुढे ऑफिसवालेच तिच्या दारात यायला लागले, आणि तिला निघावं लागलं.

"तिथे मी नाव लिहून द्यायची," ती म्हणाली. "ते म्हणायचे, असा माणूस नाही. इथे म्हणतात, नाव नाही, म्हणजे माणूस नाही."

मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता, तिनं सांगितलं की तिनं मनाशी एक ठरवलंय. मालक परत येतील त्या दिवशी ती फाटकात उभी राहून, सगळ्या गल्लीसमोर, त्यांना नावानं हाक मारणार. एकदाच. सासरच्यांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. "तेवढ्यासाठी ठेवलंय," ती म्हणाली. छप्पर नाही, कागद नाही, देश नाही. तिच्याजवळ ती एक हाक होती.

जानेवारीत आमच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं, कम्युनिटी हॉलमध्ये. मी तिला घेऊन गेले. आपल्या बायका बघून तिला बरं वाटेल असं मला वाटलं, माझी अक्कल! ब्रॅकनेलहून आलेल्या एकीनं विचारलं, "इंगुश? म्हणजे इंग्लिशच ना, accent मध्ये?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसली. दुसरी म्हणाली, "How exotic! रशियन आहे? मग इथे बेनिफिट्स वगैरे मिळतात का गं यांना?" बाई समोर उभी आहे, हातात चहाचा कप आहे, आणि हिचं 'यांना'.

तेवढ्यात यजमानीण करंडा घेऊन आली. पातिमातताईसमोर तिचा हात अडला. माझ्याकडे वळून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू, ती म्हणाली, "शुभदा, हिचे मिस्टर… आहेत ना गं? Sorry हं, पण उगाच काहीतरी wrong व्हायला नको."

आणि मी, रोज दहा जणांना तोडून बोलणारी मी, म्हणाले, "माहीत नाही गं."

हॉलमध्ये तिळगुळाचा, अत्तराचा, गरम वड्यांचा वास भरला होता. त्या यजमानिणीचा राग आलाच, पण जास्त माझा आला.

"काय विचारते ती?" पातिमातताईनं विचारलं. मी सांगितलं. खोटं सुचलं नाही.

"सांग तिला, आहेत," ती म्हणाली. तिच्या धर्मात कुंकू नाही, ते तिनं हातानंच नको म्हटलं. तिळगूळ मात्र ओंजळ पुढे करून घेतला.

मग उखाणे सुरू झाले. एका नव्या नवरीला आग्रह झाला. ती लाजत म्हणाली, "साउथहॅम्प्टनच्या बंदरात लागली क्रूझ मोठी, अनिकेतचं नाव घेते सगळ्यांच्या आग्रहासाठी." टाळ्या पडल्या. पातिमातताईनं माझं मनगट धरलं. काय चाललंय? मी समजावलं, की आमच्यातही पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घ्यायचंच झालं तर कवितेत गुंडाळून घेत. कवितेत घेतलेलं चालतं.

"चालतं?"

"चालतं. उलट वाहवा होते."

ती कितीतरी वेळ त्या नवरीकडे बघत राहिली. "हुशार लोक तुम्ही," ती म्हणाली. "भिंतीला दार ठेवलं." परत येताना बसमध्ये तिचे ओठ हलत होते.

नामंजुरीविरुद्ध अपील केलं होतं, त्याच्या सुनावणीच्या आधी तिनं मला तिचा उखाणा सांगितला. तिच्या भाषेतला, अर्थ इंग्रजीत. त्यांच्या डोंगरात दगडी बुरूज असतात. बुरुजाचं दार जमिनीवर नसतं, उंचावर असतं, आणि शिडी आत ओढून घेतात. तर तिचं म्हणणं असं: बुरुजाचं दार उंच, शिडी मी ओढली आत, ज्याच्या पावलांना शिडी सोडीन, तो… आणि पुढे नावाची जागा. मला सांगताना तिनं तिथे नुसती मान हलवली.

अपिलाच्या दिवशी मी मागच्या खुर्चीत बसले. तिची वकील तरुण होती, हुशार होती, डोळ्यांखाली काळं. तिनं घरमालकाचा घोळ, मिस्टर गोल्डचा घोळ, सगळं नीट मांडलं. इंगुश दुभाषा मागितला होता, आला रशियनच. "तेवढं चालेल ना?" असं कुणीतरी म्हणालं, आणि चाललं. न्यायाधीश म्हातारे होते. ते आत येताना सगळे उठले. ते बसल्यावर सगळे बसले, आणि ह्या वेळी उभं राहिल्याबद्दल तिला कुणी नावं ठेवली नाहीत. नाव लिहून दिलं तरी चालेल, असं ते म्हणालेदेखील.

पण गृहखात्याच्या बाजूनं आलेला माणूस उठला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत आवाज. लिहिलेलं कुणीही पढवू शकतं, तो म्हणाला. हे पती खरोखर होते, तर बाईंनी एकदा त्यांचं नाव उच्चारावं. फार मागणं नाही.

ती उठली. दोन्ही हात रुमालाच्या टोकाशी नेले, आणि तिच्या भाषेत उखाणा म्हणायला लागली. चाल मला ओळखू आली. बुरूज आला, दार आलं, शिडी आली, आणि शेवटी एक शब्द, जो मी आधी ऐकला नव्हता. ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर, काय सांगू, त्या नव्या नवरीसारखी लाज होती.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. दुभाषा म्हणाला, "सर, ही काहीतरी कविता म्हणतेय. मला ही भाषा येत नाही."

खात्याचा माणूस कागदाकडे बघून हसला. "म्हणजे प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही."

मला उठून ओरडावंसं वाटलं. नाही ओरडले. तिथे ओरडलं की बाहेर काढतात आणि तिचंच नुकसान होतं, हे कारण खरं आहे. तरी ते मला आजवर पुरलेलं नाही. पातिमातताईनं एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग सरळ पुढे बघून तिनं नाव घेतलं. नुसतं नाव, आडनाव आणि वडिलांचं नाव. कवितेशिवाय, फाटकाशिवाय, त्या ट्यूबलाइटखाली, ज्या माणसाला ऐकायचं नव्हतं त्याच्यासमोर.

त्यानं पेन उघडलं. "स्पेलिंग सांगाल?"

आणि तिनं सांगितलं. एकेक अक्षर, इंग्रजी एबीसीडीतलं, मी लायब्ररीत शिकवलेलं, हवेत बोटानं काढत. माझी शिकवणी अशी कामाला आली. मी जिन्यात जाऊन ओकले.

निकाल महिन्याभरात लागला. तिच्या बाजूनं. मी पेढे घेऊन समोरच्या घरी गेले तर ती पेटी भरत होती. आश्रय मिळाला म्हणजे आश्रयाचं घर गेलं. चार आठवड्यांत खोली रिकामी करायची. एडिनबराला एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं.

मी तिला कोचमध्ये, म्हणजे लांबच्या बसमध्ये, बसवायला गेले. थंडी होती. स्टँडच्या आत एका बाकावर तो लायब्ररीतला म्हातारा बसलेला, केस विंचरलेले. तिला निरोप द्यायला तो आला होता की नेहमीचाच उबेला बसला होता, मला माहीत नाही. आम्ही आलेलं बघून तो उठून उभा राहिला. ती बसेपर्यंत बसला नाही.

बसल्यावर तिनं निकालाचा कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिच्या पतीचं नाव होतं तिथे. मी वाचलं. दोन अक्षरं चुकली होती, आणि ती अशी चुकली होती की ते दुसऱ्याच कुणाचंतरी नाव झालं होतं.

माझ्या डोक्याची शीर तडकली. म्हटलं, "मी उद्याच वकिलीणबाईंना फोन करते. ह्यांनी तुझ्याकडून अक्षर न् अक्षर वदवून घेतलं आणि लिहिताना… नाही, हे दुरुस्त झालंच पाहिजे."

"नको," ती म्हणाली.

"अगं पण हे त्यांचं नाव नाही!"

"हो ना," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला मनापासून हसताना बघितलं. "हा दुसराच कुणीतरी. ह्यांच्याकडे ते नाव आलंच नाही. माझ्याकडेच राहिलं." तिनं कागदाची नीट घडी घातली, आणि मग एकदम गंभीर होऊन माझ्याकडे वळली. "तू ऐकलंस ना त्या दिवशी? बरोबर ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग तू घेऊ नकोस."

कोच आला. ती चढली आणि खिडकीशी ताठ बसली. माझी आई मालक गावाहून यायचे असले की ओसरीवर अशीच बसायची. मी हात हलवला. तिनं हलवला नाही. त्यांच्यात हलवत नसावेत.

ते नाव मला पाठ आहे. इथे लिहिलेलं नाही.